सांडपाण्यातून अमली पदार्थांचा वापर मोजायचा कसा: इनलेटपासून अहवालापर्यंत

सात दिवसांच्या सात बाटल्या, प्रत्येकीचा आकडा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये, आणि खाली एका ओळीचा प्रश्न: 'म्हणजे या शहरात किती जण घेतात?' अशी फाइल माझ्याकडे वर्षातून तीन-चारदा तरी येते. तिच्यात त्या दिवसांचा प्रवाह नसतो, सॅम्पलर (थोडं थोडं पाणी आपोआप उचलून बाटलीत भरणारा पंप) किती वाजता सुरू केला ते नसतं, आणि 'किती जण' याचं उत्तर ही पद्धत देतच नाही हे विचारणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग महागड्या यंत्रावर नीट काढलेले आकडेसुद्धा कपाटात जातात.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? बाटलीत दिवसभराचं पाणी नसेल तर यंत्र ते आणणार कुठून? बहुतेक चुका एक तर इनलेटच्या, म्हणजे शुद्धीकरण केंद्रात सांडपाणी शिरतं तिथल्या, चेंबरपाशी होतात, नाही तर निकाल आल्यावर हिशेबाच्या तक्त्यात. म्हणून इथे यंत्राबद्दल थोडं आणि बाटलीबद्दल जास्त लिहिलं आहे. क्रम मोडू नका. दुसऱ्या पायरीची माहिती तिसरी झाल्यावर गोळा केली तर अख्खा आठवडा पुन्हा करावा लागतो.

१. आधी प्रश्न आणि पदार्थ ठरवा

या पद्धतीतून मिळतं ते एवढंच: एका ठरावीक गटारजाळ्यावर राहणाऱ्या दर १,००० लोकांमागे रोज अमुक पदार्थाचे इतके मिलिग्रॅम अवशेष आले. दहा जणांनी एकेकदा घेतलं की एकाने दहादा, हे पाण्याला कळत नाही. कोणी घेतलं, कसं घेतलं, माल किती शुद्ध होता, हेही नाही. ही मर्यादा मागणी करणाऱ्याला पहिल्याच बैठकीत सांगा आणि लेखी द्या.

मग पदार्थ निवडा. कोकेनसाठी मूळ कोकेन न धरता बेंझॉइलएक्गोनिन धरतात. कोकेन शरीरात गेल्यावर त्याचं हे रूप बनतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. मूळ कोकेन कोणी थेट संडासात ओतलेलंही असू शकतं. एमडीएमए (एक्स्टसी) आणि मेथॲम्फेटामिन यांचा पुरेसा वाटा न बदलता बाहेर पडतो, म्हणून तेच मोजतात.

ॲम्फेटामिनपाशी जरा थांबा. मेथॲम्फेटामिन घेणाऱ्याच्या लघवीतही थोडं ॲम्फेटामिन येतं आणि लिस्डेक्सॲम्फेटामिनसारख्या औषधातूनही येतं. औषधांचा खप माहीत नसेल तर त्या आकड्याला 'बेकायदा' हे विशेषण लावू नका.

हेरॉइन आणि गांजा पहिल्या खेपेला टाळा, असं माझं मत आहे. हेरॉइनची खास खूण म्हणजे सहा-मोनोॲसिटिलमॉर्फिन. ती लघवीत जेमतेम एक-दीड टक्का येते आणि गटारात टिकत नाही. मॉर्फिन मोजावं तर ते वेदनाशामक औषधांतूनही येतं. गांजासाठी टीएचसी-सीओओएच, म्हणजे गांजातल्या नशेच्या द्रव्याचं शरीरात बनणारं रूप, मोजतात, पण ते गाळाला, गाळणकागदाला, प्लॅस्टिकला, दिसेल त्याला चिकटतं. आधी कोकेन, एमडीएमए आणि मेथॲम्फेटामिन हे तीन जमवा.

सावधान: तुलनेसाठी लागणारी प्रमाणित द्रव्यंही कायद्याच्या नियंत्रणाखाली येतात. परवाना आणि साठ्याची नोंदवही आधी, खरेदी नंतर.

२. सॅम्पलर उचलण्याआधी केंद्राची माहिती काढा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाऊन, नकाशा समोर ठेवून, तिथे रोज काम करणाऱ्या ऑपरेटरशी बोला. साहेबांपेक्षा ऑपरेटरला जास्त माहीत असतं. विचारायचं ते असं:

– कोणता भाग या केंद्राला जोडलेला आहे, कोणता दुसरीकडे जातो, आणि मधलं पंपिंग स्टेशन बंद पडलं तर पाणी कुठे वळवतात?
– फ्लो मीटर इनलेटला आहे की आउटलेटला, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं?
– गाळ पिळून निघालेलं पाणी पुन्हा आत कुठे सोडतात?
– सेप्टिक टँकचे टँकर कुठे आणि कोणत्या दिवशी रिकामे होतात?
– पावसात किती पाणी प्रक्रियेविना बाहेर सोडावं लागतं, आणि त्याची नोंद होते का?
– शहराच्या टोकापासून इथवर पाणी यायला किती तास लागतात?

तिसरा प्रश्न हमखास राहून जातो. गाळाचं पाणी सॅम्पलरच्या वरच्या अंगाला मिसळत असेल तर एकदा केंद्रात येऊन गेलेलं पाणी पुन्हा मोजलं जातं, आणि फ्लो मीटरही तेच पुन्हा मोजतो.

याच टप्प्यावर परवानगी लेखी घ्या आणि निकालात गावाचं नाव छापायचं की नाही ते ठरवा. १०,००० हून जास्त लोकवस्तीच्या जाळ्यात कोणा एकाची ओळख उघड होण्याचा धोका जवळजवळ नसतो. तुरुंग, वसतिगृह, एखादी शाळा किंवा कार्यालय असेल तर गोष्ट वेगळी. तिथे व्यक्ती नाही तरी गट बदनाम होतो. अशा ठिकाणी नीतिविषयक समितीची मान्यता असल्याशिवाय झाकण उघडू नका.

३. नमुन्याची जागा आणि पद्धत

जागा: जाळी आणि वाळूकुंड ओलांडल्यावर, पहिल्या निवळण टाकीच्या आधी, जिथे पाणी खळाळतं आणि नीट मिसळलेलं असतं तिथे. कोपऱ्यातल्या साचलेल्या पाण्यात नळी सोडू नका.

पद्धत: २४ तासांचा एकत्रित नमुना. बादलीने एकदा भरून आणलेलं पाणी चालत नाही, कितीही घाई असली तरी. आता हे का ते नीट समजून घेऊ, कारण सगळा डोलारा इथेच उभा असतो.

गटारातलं पाणी एकसारखं नसतं. एक फ्लश म्हणजे अवशेषांचा एक छोटा ढग. तो वाहत येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत नळीसमोरून निघून जातो. समजा ५,००० वस्तीच्या गावात त्या दिवशी एक पदार्थ घेणारे २० जण आहेत आणि प्रत्येकाचे दिवसात पाच फ्लश धरले. झाले १०० फ्लश, म्हणजे सरासरी दर चौदा मिनिटांनी एक ढग. सॅम्पलर तासाला एकदाच पाणी ओढत असेल तर त्याच्या चोवीस घोटांत यांपैकी किती सापडले हा निव्वळ नशिबाचा खेळ. दर पाच मिनिटांनी ओढत असेल तर २८८ घोट होतात आणि नशिबाचा वाटा बराच उतरतो. वस्ती जितकी लहान किंवा पदार्थ जितका दुर्मीळ, तितकं अंतर कमी ठेवा. १५ मिनिटांच्या वर जाऊ नका.

दुसरी बाब प्रवाहाची. सकाळी लोक उठले की प्रवाह चढतो, पहाटे तीनला तो अगदी खाली असतो. दोन्ही वेळी सारखंच पाणी उचललं तर पहाटेच्या पाण्याला जास्त मोल मिळतं आणि सकाळच्या पाण्याला कमी, आणि सकाळच्या पाण्यात तर रात्रभर साठलेली लघवी असते. म्हणून सॅम्पलर फ्लो मीटरला जोडून प्रवाहाच्या प्रमाणात पाणी उचलणं सर्वांत चांगलं. ते शक्य नसेल तर ठरावीक वेळाने, पण दाट अंतराने घ्या आणि अहवालात तसं लिहा.

आता माझीच एक फजिती. दर पाच मिनिटांनी ५० मिलिलिटर असं सॅम्पलर लावलं होतं. पडद्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी '२८८ पूर्ण' असं दिसत होतं. आम्ही बाटली हलवली, नमुना घेतला, निघालो. गाडीत बसल्यावर सहकाऱ्याने सहज हिशेब केला: २८८ गुणिले ५० म्हणजे १४ लिटर ४०० मिलिलिटर. बाटलीत होतं साडेचार लिटर. परत गेलो. नळीच्या तोंडाच्या जाळीला पुसायच्या ओल्या रुमालांचा गुंता बसला होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास पाणी बंद झालं होतं आणि यंत्र रात्रभर हवा ओढत, घोट मोजत बसलं होतं. प्रयोगशाळेला हे कधीच कळलं नसतं. तिथून व्यवस्थित दिसणारा आकडा आला असता, फक्त संध्याकाळ आणि रात्र नसलेला.

तपासा: अपेक्षित पाणी आणि प्रत्यक्ष पाणी यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो दिवस बाद. जाळी रोज दोनदा साफ करा.

सावधान: झाकणाखाली हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि त्याचं प्रमाण जास्त झालं की नाकाला वास येणंच बंद होतं. गॅस मापक असल्याशिवाय वाकू नका, चेंबरमध्ये उतरू तर नकाच. हातमोजे, चष्मा, धनुर्वात आणि 'अ' प्रकारच्या काविळीची लस, हे सगळं आधी.

४. सात दिवस, आणि तारखेचा घोळ

सलग सात दिवस घ्या. कोकेन आणि एमडीएमए शनिवार-रविवारी चढतात. फक्त मंगळवार-बुधवार घेतले तर शहर सोवळं दिसतं आणि फक्त शनिवार घेतला तर उलट. मोठा सण, परीक्षा, सुट्ट्या असलेला आठवडा नेहमीचा म्हणून धरू नका.

सर्वांत स्वस्तात होणारी चूक लेबलावर होते. सॅम्पलर शनिवारी सकाळी ८ ला सुरू होतो, बाटली रविवारी सकाळी ८ ला निघते. ऑपरेटर लिहितो 'रविवार', कारण तो रविवारी हजर असतो. पाणी असतं शनिवारचं. शेजारच्या केंद्रात सुरुवातीची तारीख लिहितात. दोन्हींची तुलना केली की एका शहरात लोक शनिवारी रंगात येतात आणि दुसऱ्यात रविवारी, असा शोध लागतो! लेबलावर वार लिहूच नका. सुरुवातीची तारीख-वेळ आणि शेवटची तारीख-वेळ, दोन ओळी, बस्स.

प्रवाहाचा आकडाही त्याच २४ तासांचा हवा. केंद्राची नोंदवही बहुधा मध्यरात्र ते मध्यरात्र असते. तुमचा नमुना ८ ते ८ असेल तर तासागणिक नोंद मागून पुन्हा बेरीज करा.

५. थंडावा आणि वाहतूक

बाटली भरत असतानाच ४ अंश सेल्सियसला असली पाहिजे, म्हणजे सॅम्पलरमध्ये शीतकपाट किंवा पुरेसा बर्फ हवा. २४ तास उन्हात तापलेल्या बाटलीला नंतर कितीही गोठवलं तरी गेलेलं परत येत नाही. उष्णतेने आणि पीएच चढल्याने कोकेन फुटून बेंझॉइलएक्गोनिन बनतं. एक कमी होतं, दुसरं वाढतं.

संपूर्ण नमुना जोरात हलवून त्यातून प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या भरा आणि लगेच उणे २० अंशाला ठेवा. गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना पाणी फुगतं आणि बाटली तडकते. आम्ल घालून पीएच २ ला आणणं कोकेन गटाला मानवतं, पण टीएचसी-सीओओएच मोजायचं असेल तर घात होतो; ते आम्लात द्रावणातून बाहेर पडून गाळाला आणि बाटलीला चिकटतं. दोन्ही हवे असतील तर दोन वेगळ्या बाटल्या.

तपासा: प्रयोगशाळेत पोचल्यावर बाटली दगडासारखी घट्ट आहे का, ते उघडण्याआधी लिहून ठेवा. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवून पुन्हा वापरू नका.

६. प्रयोगशाळेत

इथली माणसं आपलं काम जाणतात, त्यामुळे फक्त घसरायच्या जागा सांगतो.

ड्युटेरियम असलेली अंतर्गत प्रमाणं (जड हायड्रोजन घालून बनवलेला तोच पदार्थ, नमुन्यात मोजून घातलेला) प्रत्येक पदार्थाची स्वतःची हवीत आणि ती गाळण्याआधी घाला. गाळून झाल्यावर घातली तर गाळणकागदावर किती अडकलं ते कधीच कळणार नाही. सांडपाण्यात साबण, औषधं, क्षार इतके असतात की यंत्राचा संकेत दबतो. हा दबाव भरून निघतो तो याच प्रमाणांमुळे.

कार्ट्रिजवरून (पाण्यातले पदार्थ धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवरून) उतरवलेलं अमोनियायुक्त मिथेनॉल नायट्रोजनखाली सुकवताना ॲम्फेटामिन गट हवेत उडून जातो. उष्णता कमी ठेवा, एक-दोन थेंब सौम्य आम्ल घाला, कोरडं ठणठणीत करू नका. कोकेन छान आणि मेथॲम्फेटामिन विचित्र कमी असा निकाल आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

ओळख पटवायला एलसी-एमएस/एमएसवर (पदार्थ वेगळे करून, रेणू फोडून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक पदार्थाच्या रेणूचे किमान दोन तुकडे बघा. बेंझॉइलएक्गोनिनसाठी २९० वस्तुमानावरून १६८ आणि १०५ चे तुकडे. दोघांचं गुणोत्तर प्रमाणित द्रावणापासून ३० टक्क्यांहून जास्त हललं तर तो आकडा देऊ नका. प्रत्येक खेपेत कोरा नमुना (ज्यात हे पदार्थ नाहीत असं पाणी) हवा. मोजणीच्या खालच्या मर्यादेखाली गेलेल्या निकालाला 'शून्य' लिहू नका, 'मर्यादेखाली' लिहा आणि मर्यादा किती तेही द्या.

७. गणित

प्रमाण नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये आणि प्रवाह घनमीटर प्रति दिवसात असेल तर दोन्हींचा गुणाकार थेट मायक्रोग्रॅम प्रति दिवस देतो. हे एकदा कागदावर करून पाहा, कारण हजाराच्या चुका इथेच होतात.

शुक्रवार: बेंझॉइलएक्गोनिन ८०० नॅनोग्रॅम प्रति लिटर, प्रवाह ४०,००० घनमीटर. गुणाकार ३ कोटी २० लाख मायक्रोग्रॅम, म्हणजे ३२ ग्रॅम; हा त्या दिवसाचा भार. लोकसंख्या २,००,०००. दर १,००० लोकांमागे १६० मिलिग्रॅम.

रविवारी पाऊस पडला: ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर, प्रवाह ७२,००० घनमीटर. भार ३६ ग्रॅम, दर १,००० मागे १८० मिलिग्रॅम.

नुसतं प्रमाण पाहणारा म्हणेल वापर घटला. प्रत्यक्षात भार वाढला आहे. प्रवाहाविना प्रमाणाचा तक्ता मी परत पाठवतो तो यासाठी. (पावसात काही पाणी परस्पर बाहेर सोडलं गेलं असेल तर मात्र हा भारही खऱ्यापेक्षा कमी आहे. ती नोंद दुसऱ्या पायरीत मागितली होती.)

आता अवशेषावरून मूळ पदार्थ. कोकेनचा रेणुभार ३०३.३५, बेंझॉइलएक्गोनिनचा २८९.३३, गुणोत्तर १.०५. घेतलेल्या कोकेनपैकी सुमारे २९.२ टक्के या रूपात बाहेर पडतं असं धरलं तर गुणक ३.५९ येतो. शुक्रवारचे १६० मिलिग्रॅम अवशेष म्हणजे साधारण ५७४ मिलिग्रॅम शुद्ध कोकेन, दर १,००० लोकांमागे. पण हा टक्का मोजक्या स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांतून आलेला आहे, आणि धूर ओढणाऱ्यात तो कमी असतो. टीएचसी-सीओओएचचं तर विचारूच नका, ०.५ टक्क्याऐवजी ०.६ धरलं की उत्तर सहाव्या हिश्श्याने उतरतं. म्हणून अहवालात अवशेषांचा भार ठळक द्या, मूळ पदार्थाचा अंदाज त्याखाली, गुणकासह. 'डोस'मध्ये रूपांतर मी करत नाही. एक डोस किती मिलिग्रॅमचा हे ठरवणं म्हणजे आणखी एक अंदाज त्यावर रचणं.

८. भागायचं कशाने?

सगळ्या हिशेबात सर्वांत मोठी अनिश्चितता बहुधा लोकसंख्येची असते आणि तिच्यावर सर्वांत कमी वेळ घालवला जातो. केंद्राच्या पाटीवरची क्षमता ही लोकसंख्या नव्हे. त्यात कारखान्यांचा भार माणसांच्या हिशेबात धरलेला असतो आणि पुढच्या वाढीची जागाही. वरच्या उदाहरणात पाटीवर ३,००,००० असेल आणि तेच घेतलं तर १६० चे १०७ होतात. पाणी तेच, प्रयोगशाळा तीच.

जनगणनेचा आकडा घ्या, पण जोडणी असलेल्या भागापुरताच. मग अमोनियाच्या रोजच्या भाराशी पडताळा. तो मुख्यतः लघवीतून येतो, त्यामुळे सुट्टीत शहर रिकामं झालं की उतरतो. कारखाने असतील तर सीओडीवर (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. दोन पद्धतींची उत्तरं फार वेगळी आली तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. जोडणीचा नकाशा पुन्हा उघडा, बहुतेक वेळा चूक तिथे असते.

९. आकडा वाचताना

एखाद्या दिवशी एकदम उंच सुळका दिसला तर आधी माल ओतून दिल्याची शक्यता तपासा. कोकेन आणि बेंझॉइलएक्गोनिन यांचं गुणोत्तर ०.७५ च्या वर गेलं तर शंका घ्या. एमडीएमएसाठी आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं वेगळी मोजता येतात: बेकायदा कारखान्यातल्या मालात ती निम्मी-निम्मी असतात, शरीर मात्र 'एस' रूप आधी मोडतं, त्यामुळे लघवीत 'आर' जास्त उरतं. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात एमडीएमएचा अफाट भार आढळला, आणि तो लोकांनी घेतलेला नसून गटारात ओतलेला माल आहे हे याच तपासणीने दाखवून दिलं.

दुसऱ्या शहरांशी तुलना करायची तर त्यांच्यासारखंच मोजा. युरोपातल्या स्कोर या प्रयोगशाळांच्या जाळ्यात २०११ पासून दरवर्षी ठरलेल्या एका आठवड्यात नमुने घेतात, आकडे दर १,००० लोकांमागे मिलिग्रॅममध्ये देतात, आणि त्याआधी सगळ्या प्रयोगशाळांना एकच अज्ञात नमुना पाठवून परीक्षा घेतात. अशा परीक्षेला न बसलेल्या प्रयोगशाळेचा आकडा त्यांच्या तक्त्याशेजारी मांडू नका. एका आठवड्यावरून वर्षाचा कल काढू नका, आणि दोन वर्षांत दहा-पंधरा टक्के फरक दिसला तर त्याला वाढ किंवा घट म्हणू नका.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एवढं हवंच: नमुन्याची सुरुवात आणि शेवट, पाणी उचलण्याचं अंतर, बाद केलेले दिवस कारणासह, त्याच २४ तासांचा प्रवाह, लोकसंख्या कुठून घेतली, गुणक कोणता. आणि पाचव्या पायरीत भरलेली दुसरी अर्ध्या लिटरची बाटली अहवालावर सगळे आक्षेप येऊन जाईपर्यंत फ्रीझरमध्येच राहू द्या. जागा हवी म्हणून ती कोणीतरी फेकतो आणि नेमका त्यानंतरच्या आठवड्यात शुक्रवारच्या आकड्याबद्दल फोन येतो.